रविवारच्या टेबलाला तिसरी खुर्ची

बारकीचा घटस्फोट झाला तेव्हा वाटणी फार चटकन उरकली. कपाट त्याच्याकडे, शिलाई मशीन तिच्याकडे, पडदे दोघांनाही नको होते. भांडण असं झालंच नाही. दोघं एकमेकांना कंटाळले होते आणि तसं तोंडावर कबूल करण्याइतके भले होते. एकाच बाबतीत कुणी चकार शब्द काढला नाही, ती म्हणजे सासू.

सासूबाई शाळेत पीटी शिकवायच्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी अख्ख्या वस्तीला त्या 'बाई' म्हणूनच ठाऊक होत्या. त्या रस्त्यात दिसल्या की पोक काढून चालणारे चांगले टक्कल पडलेले बाप्येसुद्धा पाठ सरळ करायचे. आवडत्या मुलांना टोपणनाव द्यायचं आणि नावडत्यांना आडनावासकट पूर्ण नावानं पुकारायचं, ही त्यांची शाळेतली सवय घरीही होती. सून पहिल्यांदा घरात आली तेव्हा तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळून त्या म्हणाल्या होत्या, "अगं, ही तर अगदीच बारकी आहे. हिला आधी काहीतरी खायला घाला." त्या दिवसापासून ती बारकी झाली, आणि आपण पास झालो हे तिला तिथल्या तिथे कळलं.

रविवारची न्याहारी त्यातूनच सुरू झाली. नवरा लिफ्ट तपासायच्या कामावर होता. आठवडाभर इमारती पालथ्या घालून रविवारी तो दुपारपर्यंत घोरायचा, आणि घरात चमचा पडला तरी खेकसायचा. मग दोघी चपला हातात घेऊन दबक्या पावलांनी बाहेर पडायच्या आणि गल्लीच्या तोंडाशी असलेल्या हॉटेलात जाऊन बसायच्या. पाटीवर त्याचं काहीतरी लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला 'कोपरा' म्हणत. मालकीण स्वतः तव्यापाशी उभी असायची आणि तिचा नवरा, भरघोस मिशांचा, टेबलं सांभाळायचा. खिडकीशी दोन खुर्च्यांचं एक टेबल होतं. बाईंचं ऑम्लेट, बारकीची उकडलेली अंडी, दोघींत मिळून भाजलेल्या पावाची एक थाळी, लोणी आणि किटलीभर कॉफी. मिशीवाले त्यांना काय हवं हे विचारायचे बंद झाले त्यालाही जमाना लोटला होता.

घटस्फोटानंतरच्या पहिल्या रविवारी बारकी भाड्याच्या खोलीत पांघरूण डोक्यावर ओढून पडली होती. आता जायचं कुठल्या नात्यानं, हेच तिला कळेना. इतक्यात खालून शिट्टी वाजली. शाळेच्या मैदानावर वाजते तशी, कानठळ्या बसवणारी. तिनं खिडकी उघडली तर बाई रस्त्याच्या मधोमध उभ्या.

"अजून अंथरुणात? अंडी संपतील तिकडे!"

"अहो आई, पण आता मी..."

"आता तू काय? घटस्फोट तू माझ्या मुलापासून घेतलायस. माझ्याकडे कुणी सही मागायला आलं नव्हतं. चल, ऊठ."

दात घासता घासता बारकी रडली आणि तशीच, केसही न विंचरता, खाली पळाली.

बारकी दातांच्या लॅबमध्ये कामाला होती. दवाखान्यांतून माणसांच्या तोंडाचे साचे यायचे. त्यांत प्लॅस्टर ओतायचं, मेणावर दात रचायचे, आणि शेवटी गुलाबी हिरड्यांची चकचकीत कवळी घासूनपुसून डबीत भरायची. बाईंचे उरलेसुरले दात काढावे लागले तेव्हा त्यांच्या कवळीला बारकीनं कुणाला हात लावू दिला नव्हता. लॅब सुटल्यावर एकटी बसून तिनं ती केली. दात जरासे पिवळसर ठेवले, आणि समोरचा एक दात बाईंचा मूळचा होता तसा किंचित तिरपा बसवला. आरशात पाहून बाई म्हणाल्या, "अगं, ही तर मीच!" कवळी काढलेलं बोळकं तोंड त्यांनी स्वतःच्या मुलालाही कधी दाखवलं नव्हतं. ते फक्त बारकीनं पाहिलं होतं. जगात आपली म्हणून जी काही मालमत्ता होती, तिच्यात बारकी ही गोष्ट धरायची.

तेव्हापासून पावाची कडक कड बाई सोडवून बारकीच्या बशीत ठेवू लागल्या. बारकीला ती कुठं आवडत होती? पण ती मुकाट्यानं खायची, नव्हे, वाट बघायची.

मुलानं दुसरं लग्न केलं तेव्हा बारकीच्या पोटातलं पाणीही हललं नाही. तिनं फुलदाणी पाठवली, त्यानं 'छान आहे' असा निरोप पाठवला, संपलं. पण त्यानंतरच्या एका रविवारी ती कोपऱ्यावर पोचली तर खिडकीचं टेबल रिकामं होतं आणि बाई आत, भिंतीकडच्या मोठ्या टेबलावर बसल्या होत्या. शेजारी एक लांबलचक, रुंद खांद्यांची बाई. बारकीला येताना बघून ती उभी राहिली तर उभी राहतच राहिली.

"ये गं," बाई म्हणाल्या. "ही आमची नवी. तिकडे दोनच खुर्च्या ना, म्हणून इथं बसलो."

"नमस्कार, ताई," नवी म्हणाली. "तुमच्याबद्दल फार ऐकलंय."

ताई! बारकीच्या अंगावर काटा आला. ती हसली. लॅबमध्ये कवळीचं हसू जमवायची सवय होती, तसं तिनं ते जमवलं.

नवी तरणतलावावर पोहायला शिकवायची. भूक तिला दांडगी होती. तिनं ऑम्लेट मागवलं, पुन्हा एक ऑम्लेट मागवलं, बटाटे मागवले, आणि सगळं खाताना मन लावून खाल्लं. मालकीण तव्यापासून वाकून कौतुकानं बघत होती. बारकी एवढी वर्षं उकडलेली अंडी खात आली होती, तिच्याकडे कधी कुणी वाकून बघितलं नव्हतं.

"अगं आई, तू कॉफी गार करत्येस," नवी मध्येच म्हणाली.

अगं. तू. बारकीचा चमचा हातातच राहिला. ती स्वतः पहिल्या दिवसापासून 'अहो आई, तुम्ही' म्हणत आली होती. मध्यंतरी एकदा 'अगं' म्हणावं असं तिच्या फार मनात आलं होतं, पण जीभ वळली नव्हती. ही मात्र आल्या आल्या उंबरा ओलांडून थेट स्वयंपाकघरात शिरावी तशी 'अगं'वर पोचली होती. आणि बाईही निमूटपणे कॉफी उचलून प्यायल्या.

मग बाईंनी पावाची कड सोडवली आणि सवयीनं हात पुढे केला. हात अर्ध्यावर थांबला.

"तुला आवडते का गं कड?" त्यांनी नवीला विचारलं.

"कड? जीव की प्राण!"

कड नवीच्या बशीत गेली. कुर्रकन आवाज झाला. बारकीनं खिडकीकडे तोंड फिरवलं. तिथं त्यांच्या दोन खुर्च्यांवर एक अनोळखी जोडपं येऊन बसलं होतं.

त्या दिवशी घरी जाताना तिनं स्वतःची समजूत घातली. एका गोष्टीवर ती तरून गेली: बाई नवीला पूर्ण नावानं हाक मारत होत्या. आडनावासकट नाही, पण पूर्ण. म्हणजे अजून पास झालेली नव्हती. पुढचे कितीतरी रविवार बारकी त्या पूर्ण नावाला काडीसारखी धरून बसली. नवी दर रविवारी यायचीच. बोलायची साधंच, मोकळंढाकळं. तिच्यात खोट काढायला बारकी रात्रंदिवस टपून असायची आणि हाती काही लागायचं नाही, त्याचाही तिला राग यायचा. फार तर एवढंच, की ती खाताना कोपर टेबलावर ठेवायची.

आणि मग एका रविवारी, आभाळ स्वच्छ असताना, कुणाच्या ध्यानीमनी नसताना बाई म्हणाल्या, "शिडे, मीठ दे गं."

नवीनं हसत मीठ दिलं. म्हणजे हे नाव आज पडलेलं नव्हतं. ते कुठंतरी आधीच पडलं होतं, वापरून मऊही झालं होतं.

"शिडी?" बारकीनं विचारलं.

"मग काय! माळ्यावरचं सगळं ही पाय न उचलता काढते," बाई खूश होऊन म्हणाल्या. "बारकी आणि शिडी. कशी जोडी जमली की नाही?"

बारकीच्या घशात अंड्याचा बलक अडकला. मिशीवाल्यांनी पाणी आणून दिलं. ते प्रेमळ गृहस्थ; ठसक्याचं निमित्त काढून गप्पा मारायला थांबले आणि बाईंना म्हणाले, "परवा बुधवारी सकाळी तुमची छत्री इथंच राहिली होती बरं का. ठेवलीय मी आत."

बाईंनी कॉफीच्या कपात बघितलं. "हो का," एवढंच म्हणाल्या.

बुधवारी?

बारकीनं काही विचारलं नाही. विचारलं तर उत्तर मिळेल, ही भीती होती. पण घरी गेल्यावर तिला दुसरं काही सुचेना. बुधवारी सकाळी कोपऱ्यावर बाई कुणाबरोबर आल्या होत्या? एकट्या तर त्या कधी जात नसत. एकटीनं बाहेर खाणं म्हणजे त्यांना शाळेच्या सहलीत हरवल्यासारखं वाटे. सोमवारी तिनं एका कवळीला वरचे दात खाली लावले. मंगळवारी मेण उतू गेलं. शेजारच्या टेबलावर काम करणारी मैत्रीण म्हणाली, "कुणाच्या प्रेमात पडलीस की काय या वयात?" बारकी टेबलावरचं मेण खरवडत राहिली. प्रेमात पडणं कसलं, इथं असलेलं हातातून निसटत होतं.

बुधवारी तिनं पोट बिघडल्याचं सांगून अर्धी रजा टाकली. अगदीच खोटं नव्हतं ते.

कोपऱ्याच्या समोर कपडे धुऊन देणारं दुकान होतं. काचेमागे यंत्रं गरगरत असायची आणि गिऱ्हाइकांसाठी बाकडं होतं. बारकी घरातली एक स्वच्छ चादर पिशवीत घालून घेऊन गेली, ती यंत्रात टाकली आणि बाकड्यावर बसली. नवऱ्यावर असली पाळत तिनं जन्मात ठेवली नव्हती. तो कुठं जातो, कुणाशी बोलतो, याची तिला कधी उत्सुकताच वाटली नव्हती. आता मात्र कोपऱ्याच्या दारावरून तिची नजर हलत नव्हती.

त्या दोघी आल्या. दोघींचे केस ओले. बाईंच्या गळ्यात टॉवेल होता.

बारकीला आधी अर्थच लागला नाही. मग लागला. ज्या बाईंनी आयुष्यभर पोरांना मैदानावर पळवलं पण पाण्याला बिचकल्या, समुद्रावर गेल्यावर ज्या घोट्याच्या वर कधी भिजल्या नाहीत, त्या पोहायला शिकत होत्या. या वयात. आणि बारकीला त्यांनी अवाक्षर सांगितलं नव्हतं.

दोघी खिडकीशी बसल्या. त्याच टेबलावर. त्याच दोन खुर्च्यांवर. शिडी हातांनी काहीतरी करून दाखवत होती, पाणी मागे लोटल्यासारखं. बाई तिची नक्कल करायला गेल्या आणि त्यांचा हात लागून मिठाची बाटली पडली. मग बाई हसल्या. मान मागे टाकून, तोंड उघडून, खदाखदा.

त्या तोंडात दात नव्हते.

बारकी बाकड्यावरून उठली. काचेला नाक लागेपर्यंत पुढे गेली. नव्हतेच. गाल आत गेलेले, ओठ मिटले की सुरकुतलेले, आणि तशा त्या भर सकाळी, भर हॉटेलात, खिडकीशी बसून शिडीसमोर हसत होत्या. पाव कॉफीत बुडवून मऊ करून खात होत्या. मिशीवाले आले तेव्हा हाताआड तोंड घेतलं, पण ते गेल्यावर हात पुन्हा खाली. शिडीसमोर हात नव्हता.

मागे चादरीचं यंत्र थांबून घंटी वाजत राहिली. दुकानदारानं दोनदा हाक मारली तेव्हा तिनं ओली चादर तशीच पिशवीत कोंबली आणि ती मागच्या गल्लीनं घरी गेली.

पुढच्या रविवारी ती सगळ्यांच्या आधी जाऊन बसली. बाई आल्या, शिडी आली. बाईंच्या तोंडात कवळी होती, तिरपा दात जिथल्या तिथे. बारकीनं एक घासही न खाता विचारलं,

"अहो आई, बुधवारी सकाळी मी फोन केला होता. कुठं होतात?"

फोन तिनं केलेला नव्हता. बाईंनी शिडीकडे बघितलं. तो एक कटाक्ष बारकीला सुरीसारखा लागला.

"घरीच तर होते," बाई म्हणाल्या. "न्हाणीघरात असेन."

"न्हाणीघरात. बरं."

"का गं, काय काम होतं?"

इथं थांबता आलं असतं. बारकीला ते कळतही होतं. पण गेल्या कित्येक रविवारांचं सगळं एकदम वर आलं आणि आवाज चढला. शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघू लागली, इतका.

"मी पाहिलं तुम्हाला. तिकडे, त्या खिडकीत. कवळी काढून, बोळक्या तोंडानं खिदळत होतात हिच्यासमोर! जगापासून लपवता ना? स्वतःच्या मुलापासून लपवता! आणि ही आली परवा, तर हिच्यासमोर..."

पुढचं वाक्य पुरं झालं नाही. बाईंनी तोंडावर हात ठेवला होता. बोलणाऱ्याला गप्प करायला ठेवतात तसा नाही. स्वतःच्या तोंडावर, तोंड झाकायला. मालकिणीचं उलथनं तव्यावर थांबलं. मिशीवाले दुसरीकडे बघू लागले, आणि त्यांच्या त्या बघण्यानंच जास्त शोभा झाली. शाळेच्या अख्ख्या मैदानाला एका नजरेत उभं करणारी ती बाई हात न काढता उठली आणि दारातून निघून गेली. पाठ मात्र सरळ होती.

शिडी तिच्या मागे गेली नाही. ती बसूनच राहिली आणि तिनं पहिल्यांदा बारकीकडे न हसता बघितलं.

"झालं समाधान?" ती म्हणाली.

बारकी दाराकडे बघत होती, तेव्हा शिडीच पुढे बोलली.

"खालची कवळी त्यांना टोचते. खूप महिने झाले. हिरडीला जखम होते, बरी होते, पुन्हा होते. तलावात उतरताना मीच दोन्ही काढायला लावल्या, पाण्यात पडल्या तर सापडायच्या नाहीत म्हणून. तेव्हा दिसलं मला. नंतर खालची घालवत नाही, म्हणून वरचीही न घालता बुधवारी तशाच बसतात. मी म्हटलं, ताईंना सांग, त्या लगेच नीट करतील. तर मला शपथ घातली."

"मला का नाही सांगितलं?"

"ते त्यांना विचारा. मी निरोप्या नाही." शिडीनं पर्स उचलली. "एक सांगते. दर रविवारी इथं यायच्या आधी त्या ती कवळी घालतात आणि डोळ्यांत पाणी येतं त्यांच्या. तुमच्यासमोर टोस्ट चावायचा असतो ना."

शिडी गेली. बारकी तिथं किती वेळ बसली कोण जाणे. तिची अंडी गार झाली. गेली कित्येक वर्षं ती माणसांची तोंडं प्लॅस्टरमध्ये हातात घेऊन बसत होती. कुणाची हिरडी झिजली, कुणाचा जबडा आत गेला हे साच्यावरून ओळखत होती. आणि समोर बसलेल्या माणसाचा खालचा ओठ घासागणिक आक्रसत होता, ते तिला दिसलं नव्हतं. ती शिडीच्या कोपरांकडे बघत होती.

त्या घराचा जिना ती घटस्फोटानंतर चढली नव्हती. दार त्यानं उघडलं, झोपेतून उठून, एका गालावर उशीच्या वळ्या घेऊन.

"तू?"

"आई आहेत?"

"आहे. दार लावून बसलीय. शिडी स्वयंपाकघरात भांडी आपटत्येय." तो बाजूला झाला. "तुमचं तिघींचं काय ते तिघी बघा. मला मध्ये घेऊ नका." आणि तो खरंच पुन्हा झोपायला गेला.

बारकीनं बाईंच्या दारावर टकटक केलं. उत्तर नाही. "अहो आई." नाही. मग ती दाराला टेकून खाली जमिनीवर बसली आणि लाकडाशीच बोलू लागली.

"मी चुकले. तुम्ही बोलू नका माझ्याशी, पण तोंड दाखवा. जखम कशी आहे ती बघू दे. नाहीतर इथंच बसते. दुपारी तुमचा मुलगा उठेल आणि माझ्यावर अडखळून पडेल."

बऱ्याच वेळानं कडी निघाली. बाई पलंगाच्या काठावर बसल्या होत्या, ओठ घट्ट मिटून. बारकीनं खिडकीचा पडदा सारला, त्यांची हनुवटी हातात घेतली आणि उजेडाकडे वळवली. बाईंनी आधी मान हिसडली. मग तोंड उघडलं. दोन्ही कवळ्या काढून तिनं खालची हिरडी पाहिली. डावीकडे लालभडक पट्टा होता, मध्ये पांढरा व्रण. हाड झिजून हिरडी खाली गेली होती आणि कवळी तिच्यावर डुगडुगत घासत होती. कुणाच्याही बाबतीत होतं ते. कवळी करणाऱ्याचा दोषही नसतो त्यात.

"एवढं सहन केलंत," बारकी म्हणाली. "का?"

"तू केलीस ना ती." दातांवाचून शब्द फसफसत होते. "एवढी मन लावून. तो तिरपा दात. टोचते म्हटलं असतं तर तुझं तोंड एवढंसं झालं असतं."

"आणि तिच्यासमोर काढता."

"तिनं थोडीच केलीय ती?" बाई म्हणाल्या.

बारकीला हसू आलं आणि त्याच वेळी आत काहीतरी दुखलंही. हे असं होतं तर. जिच्याशी जास्त जवळीक, तिच्यापाशी लपवाछपवी; आणि नव्या माणसापाशी सगळं मोकळं. ती जवळीक हवी की हा मोकळेपणा, असं कुणी विचारलं असतं तर बारकीनं दोन्ही मागितले असते.

"पोहायचंही नाही सांगितलंत."

"सांगणार होते. आधी येऊ तर दे म्हटलं. बुडाले असते तर कुणाला कळायला नको." बाईंनी पाठ ताठ केली. मग त्यांचा शाळेतला आवाज परत आला, दातांविना का होईना. "एक ऐक. आज तू मला चारचौघांत उघडं पाडलंस. ते मी लगेच विसरणार नाही. पुढच्या रविवारी मी येणार नाही. त्याच्या पुढच्याही नाही."

"बरं."

"आणि बुधवार शिडीचा. तो मी सोडणार नाही. तू तोंड वाकडं केलंस तरी नाही."

"आणि रविवार?"

"रविवारी दोघी याल तर मी येईन. एकीला घेऊन दुसरीला टाळायला मी काही कुणाचा नवरा नाही."

बारकीनं मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ती स्वतः बाईंना दातांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली, नवं माप घेतलं, आणि लॅबमध्ये बसून खालची कवळी पुन्हा केली. या वेळी तिनं जिथं जिथं शंका आली तिथं विचारलं, चावायला लावलं, "खरं सांगा, टोचतंय?" म्हणून भंडावून सोडलं. "नाही गं बाई, नाही!" असं बाई ओरडल्या तेव्हा कुठं ती थांबली.

सांगितल्याप्रमाणे बाई खरंच दोन रविवार आल्या नाहीत. बारकी एकटी कोपऱ्यावर गेली, आणि मिशीवाल्यांनी तिला काही न विचारता अंडी आणून ठेवली. तिसऱ्या रविवारी तिघी मोठ्या टेबलावर बसल्या. पुष्कळ सांभाळून बोलल्या. शिडीनं 'ताई' म्हणणं सोडून दिलं होतं. ती काहीच म्हणत नव्हती, आणि बारकीला तेच बरं वाटलं.

मत्सर गेला का? नाही गेला. बुधवारी सकाळी लॅबमध्ये बारकीचे हात अजून जड होतात, आणि मैत्रीण तिला मुद्दाम साचे धुवायच्या कामाला लावते. बाई आता तलावाची पूर्ण लांबी न थांबता पोहतात, हे बारकीला शिडीकडून कळलं, बाईंकडून नाही, आणि त्यावर ती दोन दिवस धुमसत होती. फक्त आता ती धुमसते आणि तोंड बंद ठेवते.

गेल्या रविवारी बाईंना सर्दी झाली. तलावाचंच पाणी लागलं असणार, असं बारकीचं मत, आणि ते तिनं ऐकवलंही. दोघीच आल्या. बोलायला बाईंखेरीज विषय नव्हता, तेव्हा बाईंबद्दलच बोलल्या: त्या औषध कसं टाळतात, मोजे कसे शोधत बसतात. खाणं संपल्यावर दोघींनी एकदमच मिशीवाल्यांकडे वळून सूप बांधून मागितलं.

"एक की दोन?" मिशीवाल्यांनी विचारलं.

"एक," बारकी म्हणाली.

"एकच," शिडी म्हणाली.

डबा आला. दोघींचे हात पुढे झाले. शिडीचा हात लांब, तो आधी पोचला.

"घर माझं आहे," शिडी म्हणाली. "मीच नेते ना. तुम्ही उगाच कशाला जिने चढता?"

"सांडवशील तू. ढांगा टाकत चालतेस."

"मी? पाण्याचा थेंब उडू न देता उडी मारते मी."

"ते पाणी झालं. हे सूप आहे."

मालकीण तव्यापासून बघत होती. शेवटी डबा बारकीनं घेतला आणि चमचा, मीठ-मिरी नि पावाची पुडी शिडीनं. रस्त्यावर शिडी भराभर पुढे निघाली. बारकी डबा छातीशी धरून, सूप हिंदकळू न देता, जमेल तेवढी झपाझप पावलं उचलत तिच्या मागे जात होती, आणि जिन्यापाशी आपण आधी पोचायचंच असा विचार करत होती.